सुपरचार्जरवाल्या गाडीला बूस्ट गेज (इंजिनात भरलेल्या हवेचा दाब दाखवणारा मीटर) लावताय? आधी टॅप (गेजच्या पाइपचा जोड) कुठून घ्यायचा ते बघ

अरे गेज कुठला घेऊ हे नंतर, आधी पाइप कुठून काढणार ते ठरव. सुपरचार्जरच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) नंतर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डवरूनच (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) घे, कारण बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) ब्लोअरच्या आधी असतो आणि त्या दोघांच्या मधल्या जागेतून टॅप मारलास तर बूस्ट कधी दिसणारच नाही, नुसता व्हॅक्युम (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब). ब्रेक बूस्टरच्या (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकू नकोस, तिथे वन-वे व्हॉल्व असतो, रीडिंग चुकतं आणि शेवटी ब्रेकचा प्रश्न आहे बाबा! फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पाइप नेताना भोकाला रबर ग्रॉमेट (रबरी कडी) हवाच, नाहीतर पत्रा पाइप कापतो (मी हे करून बसलोय). जोडांना झिप टाय मार. आयडलला काटा शून्याच्या खाली, व्हॅक्युममध्ये दिसला पाहिजे, शून्यावरच बसला तर पाइप कुठेतरी सुटलाय किंवा दबलाय.