फराळवाटप अंगावर घेतलंयस तर
लायन्स क्लबमध्ये यंदाच आलास आणि लगेच दिवाळीचं वाटप तुझ्या गळ्यात पडलं, म्हणून सांगतो. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर जायचं तर आधी तिथल्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, नाहीतर शाळेच्या गुरुजींना फोन कर. त्या दिवसांत भातकापणी चालू असते. भर दुपारी गाडी नेलीस तर घरी म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील. संध्याकाळी जा. पण 'दिवाळी झाल्यावर बघू' नको. कापणी-झोडणी उरकली की बरीच घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात.

तयार चकल्या तर नेऊच नकोस. आम्ही एकदा नेल्या. खड्ड्यांत निम्म्यांचा चुरा, उरलेल्यांना खवट वास. रवा, बेसन, साखर, तेल दे, ज्याची त्याची दिवाळी ज्याच्या त्याच्या चुलीवर होऊ दे.

सेवेसाठी जमलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेव, त्यातून क्लबचा चहासुद्धा नाही. रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली की करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांग.

फोटो? सामानाचा एक पुरे. पिशवी हातात धरून उभ्या केलेल्या बाईचा नको. बॅनर अध्यक्ष आणतीलच; तो गाडीत विसरायचं काम तुझं.