ट्रक उभा असताना इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) ठेवावं? 600 की 1000?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की बारा टायरची गाडी आहे, लाईनीत किंवा रात्री झोपताना उकडतं म्हणून इंजिन चालूच राहतं, शेठ म्हणतात 600 वर राहू दे डिझेल कमी जातं आणि सोबतचा ड्रायव्हर म्हणतो 1000 वर लॉक कर नाहीतर ऑइल प्रेशर मिळत नाही, तर खरं कोण. चिपळूणला डिझेल इंजिनांचंच काम करतो म्हणून लिहितो. पाच-दहा मिनिटांसाठी शेठ बरोबर, तासभर उभं राहायचं तर ड्रायव्हर बरोबर पण त्याचं कारण चुकीचं, आणि रात्रभरासाठी दोघंही चूक.

आधी ऑइल प्रेशरचं. गरम झालेल्या इंजिनला आयडलवर, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, 10-15 पीएसआय (प्रेशरचं माप) आलं तरी चालतं, कंपनीने तेवढं धरूनच बनवलेलं असतं. लोड नाही तर बेअरिंगवर जोर कुठला? काटा खाली बघून घाबरायचं काही नाही, ऑइलची बत्ती लागली तर मात्र ताबडतोब बंद करा.

खरी भानगड तापमानाची आहे. मोठ्या सहा सिलिंडर इंजिनांचं आयडल साधारण 600 ते 750 च्या दरम्यान असतं, आणि तिथे एवढं थोडं डिझेल जळतं की सिलिंडरच्या आत गरमीच टिकत नाही. पावसात भिजलेली लाकडं चुलीत घातल्यावर पेटण्यापेक्षा धूरच जास्त होतो ना, तसंच आत होतं. अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगांवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं, नोझलच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हवर कार्बन बसतो. मग लोकं येतात की सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं चिकट गळतंय, इंजिन उतरवायला लागेल का. उतरवू नका, आधी डिपस्टिक काढून वास घ्या. लेव्हल वाढलेली आणि डिझेलचा वास म्हणजे ऑइल पातळ झालंय, ते बदला, मग माल भरून एखादा घाट चढवा, सुरुवातीचा प्रकार असेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. इंजिन बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या मॅन्युअलमध्येही 10 मिनिटांच्या वर आयडल ठेवू नका असंच दिलंय, आणि कारणही हेच.

म्हणून उभं राहून इंजिन चालू ठेवणं भागच असेल, म्हणजे एसी हवा किंवा ब्रेकच्या हवेचं प्रेशर भरायचंय, तर 900 ते 1000. त्याने आत थोडी गरमी राहते, पाणी आणि ऑइल नीट फिरतं, डायनामोही चार्ज देतो. नेमका आकडा कानाने ठरवा, केबिन थरथरत असेल तर पन्नास वर-खाली करा, एका जागी आरसे हलायचे थांबतात, तिथे ठेवा. 1200 च्या वर नेऊन काही जास्त मिळत नाही, नुसतं डिझेल. पण हे हाताच्या अ‍ॅक्सिलेटरने किंवा नवीन गाडीत स्विचने करायचं, पंपाचा स्क्रू फिरवून स्लो (आयडल) कायमचा वाढवून घ्यायचा नाही! मिस्त्री दोन मिनिटांत करून देतो आणि मग पहिला गिअर टाकताना कर्रर्र आवाज, क्लच लवकर संपतो, उतारावर गाडी स्वतःहून ढकलते.

गाडी बीएस 6 असेल, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, एप्रिल 2020 नंतरची, तर अजून जपा. आयडलवर सायलेन्सर गार राहतो, धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम नीट काम करत नाही आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचत जाते. मग गाडी उभ्या-उभ्या रिजन (साचलेली काजळी तापवून जाळणं) मागते, त्या वेळी आरपीएम आपोआप वाढतो आणि फिल्टर 550-600 डिग्रीपर्यंत तापतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे महामार्गाच्या कडेला सगळं वाळलेलं गवत आणि काजूचा पाला, तिथे उभी करून रिजन चालू करू नका, एवढं ऐकाच.

इंजिन चालू ठेवायलाच हवं अशा वेळा दोनच. सकाळी ब्रेकची हवा भरेपर्यंत, कारण प्रेशर आल्याशिवाय हँडब्रेक सुटतच नाही, त्यातच तीन-चार मिनिटांत इंजिन पुरेसं गरम होतं, वेगळं तापवायला नको. आणि कुंभार्ली घाट चढून वर चहाला थांबलात तर बंद करायच्या आधी तीन ते पाच मिनिटं साध्या आयडलवर, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपतं. इथे 1000 ची गरज नाही.

रात्रभराचं बोलायचं तर यूट्यूबवर अमेरिकेतले ट्रकवाले रात्रभर इंजिन चालू ठेवतात ते बघून लोक विचारतात, तिकडे डिझेल गोठतं हो, इथे कोकणात घाम गोठायची पंचाईत. आयडलवर तासाला दीड-दोन लिटर धरा, 1000 वर एसी लावून त्याहून जास्त, म्हणजे आठ तासांत पंधरा लिटरच्या वर गेलंच. त्यापेक्षा 24 व्होल्टचा छोटा पंखा बसवा. वीस वॅटचा असेल तर एक अँपियरही घेत नाही, रात्रभर चालला तरी चांगल्या बॅटरीला काही होत नाही, सकाळी सेल्फ व्यवस्थित मारतो. खिडक्यांना मच्छरजाळी लावा आणि काच थोडी उघडी ठेवा. पावसाळ्यात काचा बंद करून इंजिन चालू ठेवून तर अजिबात झोपू नका, पाइप कुठे लीक असेल तर धूर केबिनमध्ये येतो आणि झोपलेल्या माणसाला कळत नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, चांगलंच झालं, पण तो इंजिनवर चालतो, म्हणजे गणपतीत अवजड गाड्यांना बंदी लागून लाईन लागली की हाच प्रश्न पुन्हा येणार. तेव्हा एसी लावून केबिन गार करा, इंजिन बंद करा, तासाभराने परत वीस मिनिटं 1000 वर, असं चालतं.

तुमची गाडी कुठल्या सालची ते लिहिलं नाहीत. बीएस 6 असेल तर आरपीएम वाढवायचा स्विच बहुतेक स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर असतो, मॉडेल टाका, सांगतो.