सरळ रेषेला शॉक का देत नाहीत, आणि मालिकेतले ‘२४ तास’

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. चुलत्यांना कपाशीवर फवारताना औषध लागलं. दुसऱ्या दिवशी ते बोलायला लागले, चहा मागितला, सगळे म्हणाले धोका टळला. तिसऱ्या दिवशी पहाटे श्वास अडला, दुसरीकडं हलवताना मॉनिटरवर सरळ रेष आली, डॉक्टरांनी छाती दाबली पण शॉक दिला नाही. मालिकेत तर सरळ रेष दिसली की लगेच देतात, मग इथं हलगर्जी झाली का, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न आमच्याही घरात लई दिवस घोळत होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयसीयूत ब्रदर आहे, डॉक्टर नाही, आणि चुलत्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत. खाली डोस येतील ते समजून घेण्यासाठी आहेत, कुणी घरी वापरण्यासाठी नाहीत.

शॉकचं आधी सांगतो. बंद पडलेलं हृदय शॉकनं सुरू होत नाही. हृदयातली वीज सैरभैर होऊन ते नुसतं थरथरत असतं, तेव्हा १२० ते २०० जूलचा शॉक ती थरथर एकदम थांबवतो आणि हृदयाला स्वतःचा ठेका धरायला वाव मिळतो. सरळ रेषेत थांबवायला थरथरच नसते. तिथं छाती दाबणं, श्वास देणं, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन आणि हृदय थांबण्याचं मूळ कारण शोधणं, एवढंच हातात असतं. शॉकच्या आधी मॉनिटरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या वायरी नीट चिकटल्यात का तेही बघावं लागतं, कारण घामानं एखादी निसटली तरी रेष सरळच दिसते. फवारणीच्या विषबाधेत हृदय बहुतेक वेळा श्वास बंद पडल्यामुळं थांबतं, म्हणून खरा उपचार म्हणजे श्वास आणि ऑक्सिजन देणं. तेव्हा शॉक दिला नाही, यात मला तरी चूक दिसत नाही.

मालिकेत छाती दाबतात तीही खरी नसते. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, कोपर ताठ, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. जिवंत नटाची छाती अशी दाबली तर बरगडी मोडेल, म्हणून ते कोपर वाकवून नुसतं हलतात. त्यात नटाचा दोष नाही. पण लोक तेच बघून शिकतात, आणि खऱ्या दवाखान्यात बरगडी मोडल्याचा आवाज आला की नातेवाईक हात धरायला धावतात. १९९६ साली अमेरिकेत तीन मालिकांमधले असे प्रसंग मोजले होते. एकूण ६० पैकी ७५ टक्के पेशंट तिथल्या तिथं परत आले. प्रत्यक्षात तिथल्याच मोठ्या रुग्णालयांत हृदय थांबलेल्या चार-पाच जणांतला एखादाच घरी जातो, आणि रुग्णालयाबाहेर थांबलं तर त्याहूनही कमी.

तरीही शॉकच्या चुकीनं फारसं नुकसान होत नाही, कारण तो निर्णय डॉक्टरांचा असतो. नुकसान होतं ते दुसऱ्या एका वाक्यानं: ‘पुढचे २४ तास महत्त्वाचे आहेत.’ डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन हे म्हणतात, सकाळी पेशंट डोळे उघडतो आणि गोष्ट संपते. गोळी लागली, अपघात झाला, विष पोटात गेलं, सगळ्याला तेच २४ तास. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या औषधांच्या विषबाधेत हा हिशोब अगदी उलटा पडतो. लाळ, घाम, उलट्या, बारीक बाहुल्या, छातीतली घरघर हा पहिला हल्ला उपचारानं ओसरतो आणि माणूस शुद्धीवर येतो. त्यानंतर, विष लागल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या मध्ये, काही जणांचे स्नायू ढिले पडायला लागतात. म्हणजे मालिका जिथं संपते, तिथून आमच्याकडं पहारा सुरू होतो.

या दुसऱ्या हल्ल्याची पहिली खूण मानेत दिसते. पेशंट बोलतो, ओळखतो, हात-पाय हलवतो, पण उताणा झोपून उशीवरून डोकं उचल म्हटलं तर उचलता येत नाही. मग पापण्या जड होतात, खांदे-मांड्या ढिल्या पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू. आम्ही दर तासाला डोकं उचलायला लावतो आणि एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणायला लावतो. सकाळी तीसपर्यंत जाणारा माणूस दुपारी पंधराच्या आत अडकायला लागला, तर बोटावरचा ऑक्सिजन ९७ दाखवत असला तरी थांबून चालत नाही, कारण तो आकडा सगळ्यांत शेवटी पडतो. पहिल्या हल्ल्यावर जो उतारा देतात, त्या अ‍ॅट्रोपिनचा यावर उपयोग नाही. नळी टाकून व्हेंटिलेटर, तोही कित्येकदा एक ते तीन आठवडे. स्नायू परत येतात, माणूस चालत घरी जातो, फक्त तेवढे दिवस त्याच्यासाठी यंत्रानं श्वास घ्यावा लागतो. म्हणून कळकळीनं सांगतो: चौथा दिवस संपेपर्यंत ‘आता बोलतोय की’ म्हणून डामावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय या कागदावर, सही करून पेशंट घरी नेऊ नका. बेडचं भाडं वाढतंय हे मला कळतं. सरकारी दवाखान्यात हलवा, पण घरी नेऊ नका.

नळी टाकल्यावर पेशंट बोलत नाही, हेही मालिका पाहणाऱ्यांना सांगावं लागतं. नळी स्वरयंत्रातून खाली जाते. प्रौढ पुरुषाला ८ नंबरच्या आसपासची, ओठाशी साधारण २३ सेंटिमीटरवर चिकटपट्टीनं बांधलेली. आवाज निघणं शक्यच नसतं. ‘आमच्याशी बोलत नाही म्हणजे गेलाय’ असं समजून व्हेंटिलेटर काढायला सांगणारे नातेवाईक असतात. पाटी-पेन्सिल द्या, तो लिहून दाखवतो.

अ‍ॅट्रोपिनबद्दलही लिहितो, कारण ‘इंजेक्शनवर इंजेक्शन मारून माणूस वेडा केला’ असं तुमच्या आत्यांचं म्हणणं पोस्टमध्ये आहे. मालिकेत एक सुई देतात आणि पेशंट शांत होतो. आपल्याकडच्या एका ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. सुरुवात तीन ॲम्प्युलनं केली आणि दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट केला, तर ३, ६, १२, २४ असं करत पहिल्या १५ मिनिटांतच ४५ ॲम्प्युल लागतात. नुसतं फोडून भरायलाच दोन माणसं हवीत. छाती मोकळी झाली, काखा कोरड्या पडल्या, नाडी आणि वरचं बीपी ८०च्या वर गेलं की दुप्पट करणं थांबवून सलाईनमधून थोडं थोडं चालू ठेवतात. जरा जास्त झालं तर पेशंट बडबडतो, चादर ओढतो, ताप येतो, लघवी अडते. तेव्हा प्रमाण कमी करतात आणि तो ताळ्यावर येतो. हात बांधलेले बघून आत्यांना वाईट वाटलं असणार, पण सलाईन ओढून काढलं असतं तर परिस्थिती अवघड झाली असती. पॅम (प्रालिडॉक्सिम) या दुसऱ्या उताऱ्याच्या इंजेक्शनवर मात्र डॉक्टरांतच मतभेद आहेत, त्यामुळं ते दिलं किंवा दिलं नाही यावरून कुणाला दोष देऊ नका.

आता ज्याचा मला आजही संताप येतो ते. मालिकेत पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातो तो पुढच्या दृश्यात, मध्ये कागद नाही, फोन नाही, रस्ता नाही. आमच्या घरच्या माणसाच्या वेळी सगळ्यांत महागात पडला तो एका दवाखान्याचा कागद. नाव घेत नाही. चिठ्ठीवर फक्त ‘पुढील उपचारासाठी रवाना’ आणि शिक्का. किती अ‍ॅट्रोपिन गेलं, शेवटचा डोस किती वाजता, औषध कोणतं, मान उचलता येत होती का, काहीच नाही. केस पेपरची झेरॉक्स मागितली तर बिलाची खिडकी उघडल्यावर मिळेल, हे उत्तर. पुढच्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. अहो, चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात! त्या पाच मिनिटांची किंमत खुर्चीत बसलेल्याला कळत नाही, ती खाटेवरच्याला मोजावी लागते.

म्हणून रेफर करतायत म्हटलं की चिठ्ठी हातात घेऊन तिथंच वाचा. विष कधी लागलं, औषधाचं नाव, अ‍ॅट्रोपिन एकूण किती आणि आत्ता तासाला किती, मानेची ताकद, नळी टाकली असेल तर तिचा नंबर आणि ओठाशी किती सेंटिमीटर, आणि पुढच्या दवाखान्यात फोनवर कुणाशी बोलणं झालं. नसेल तर हात जोडून लिहून घ्या. औषधाच्या बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, त्या लेबलवर उताराही छापलेला असतो. अंगावरचे कपडे काढून केसांसकट साबणानं धुतलं का हेही विचारा, तालुक्याच्या ठिकाणी गडबडीत ते राहून जातं.

रस्त्याचं गणित तुम्हीच करा, दुसरं कुणी करत नाही. खासगी ॲम्ब्युलन्समध्ये बहुतेक बी टाइप सिलिंडर असतो, भरलेला असेल तर अंदाजे १५०० लिटर. मिनिटाला १० लिटर लावले तर अडीच तासांत संपतो. परभणीहून संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात जायचं तर एक सिलिंडर पुरत नाही, दुसरा भरलेला हवा आणि काट्यावर नजर हवी. माझं मत विचाराल तर नांदेड किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्हेंटिलेटर मोकळा असेल तर लांबच्या मोठ्या नावामागं धावू नये. पण फोनवर ‘व्हेंटिलेटर मोकळा आहे’ हे शब्द ऐकल्याशिवाय गाडी हलवू नका. १०८ला कॉल करताना ‘विषबाधा, श्वास कमी, व्हेंटिलेटरवाली गाडी पाहिजे’ असं स्पष्ट सांगा, कारण सगळ्या गाड्यांत ती सोय नसते.

हलगर्जी झाली का, याचं उत्तर शॉकमध्ये सापडणार नाही. पहिल्या दवाखान्याकडं लेखी अर्ज करून उपचाराचे कागद मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. त्यात दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून तिसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंतच्या नोंदी बघा: मान किंवा श्वास कुणी तपासला का, किती वेळा, आणि ताकद कमी झाल्यावर नळी टाकायला किती वेळ गेला. त्या रात्रीच्या नोंदी भरलेल्या असतील तर त्यांनी पहारा केला असं मी म्हणेन. पानं कोरी असतील तर तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि ते कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

आणखी एक, विचारलं नसलं तरी. फवारताना झालेल्या विषबाधेनं शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घरच्यांना २ लाख रुपये मिळू शकतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं करायचा, सोबत सातबारा, पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदनाचा अहवाल. पंचनाम्यात ‘फवारणी करताना’ हे शब्द आलेत का ते आजच बघून घ्या, नुसतं ‘विषारी औषध’ लिहिलं असेल तर प्रकरण अडकतं. मुदत कमी असते, त्यामुळं दवाखान्याच्या कागदांची वाट बघत हा अर्ज लांबवू नका.