मागच्या दाराचे चाइल्ड लॉक लावावे का?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात सिग्नलजवळ गाडी हळू चाललेली असताना तिने मागचे दार आतून उघडले. सासूबाईंनी वेळीच धरले म्हणून निभावले. गाडीने वेग घेतला की दारे आपोआप लॉक होतात, मग हे दार उघडले कसे? चाइल्ड लॉक लावावे असे मला वाटते, पण अपघात झाला तर मागची माणसे अडकतील, असे सासरे म्हणतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलीला काही झाले नाही, हे वाचून हायसे वाटले. वेग घेतल्यावर आपोआप लागणारे लॉक हे सेंट्रल लॉक असते आणि अनेक गाड्यांत आतली मूठ एकदा किंवा दोनदा ओढली की ते सुटते. मोठ्यांना चटकन बाहेर पडता यावे म्हणून केलेली ही सोय मुलांच्या हाती मात्र धोक्याची ठरते. चाइल्ड लॉक त्याहून वेगळे आहे : ते दार बंद करून टाकत नाही, तर त्या दाराची केवळ आतली मूठ निकामी करते. सेंट्रल लॉक उघडे असेल, तर बाहेरून दार नेहमीसारखेच उघडते.

मागचे दार पूर्ण उघडून त्याच्या कडेला खटक्याजवळ पाहिले, तर एक छोटी कळ किंवा किल्लीने फिरवायची खाच दिसेल. काही गाड्यांत तिच्या जागी चालकाजवळ बटण असते. कळ दोन्ही दारांना स्वतंत्र असल्याने दोन्हीकडची लावावी. नंतर काच खाली करून स्वतः मागे बसावे, दार लावून आतली मूठ ओढून पाहावी आणि काचेतून हात बाहेर घालून बाहेरच्या मुठीने दार उघडावे. गाडी धुताना किंवा सर्व्हिसिंगमध्ये कळ नकळत सरकू शकते, म्हणून अधूनमधून ही तपासणी करावी.

तुमच्या सासऱ्यांची काळजी अनाठायी नाही, आणि वर सांगितलेली काचेची युक्ती घरातल्या प्रत्येकाला यावी ती याचसाठी. अपघातानंतर काच उतरत नसेल, तर पुढच्या आसनांमधून पुढे येऊन बाहेर पडता येते, कारण चाइल्ड लॉकचा पुढच्या दारांशी संबंध नसतो. तरीही ज्या दाराशी फक्त मोठी माणसे बसणार आहेत, तिथले लॉक त्या प्रवासापुरते काढावे, असे मी सुचवेन. टॅक्सीत बसणाऱ्या मोठ्या प्रवाशाला आतून दार उघडता यायलाच हवे, म्हणून 1 जुलै 2019 पासूनच्या नव्या टॅक्सींत चाइल्ड लॉकला परवानगी नाही. घरच्या गाडीला हा नियम लागू होत नाही.

मूल सोबत असताना मात्र उजव्या बाजूचे लॉक कधीही काढू नये. आपल्याकडे ते दार वाहत्या रस्त्याकडे उघडते, त्यामुळे मुलांना नेहमी डावीकडूनच, आणि तेही मागून दुचाकी येत नाही ना हे पाहून मोठ्या माणसाने बाहेरून दार उघडल्यावर, उतरवावे.

चाइल्ड लॉक लावले म्हणजे पट्ट्याची गरज संपली असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन नसल्यास 1000 रुपये दंड आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला तिच्या मापाचे बालआसनच हवे. उभ्या गाडीत तिला क्षणभरही एकटी सोडू नका, कारण उन्हात आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे 10 अंशांनी चढू शकते आणि चाइल्ड लॉक लावलेले दार तिला आतून उघडता येणार नाही. हॉर्न कुठे आहे आणि तो कसा दाबायचा, हे तिला आजच दाखवून ठेवा.