पत्र्यावर पहिलं पाऊल

प्रश्न : दहावी झालोय. चिपळूणला पत्रे बसवणाऱ्या मिस्त्रींनी हेल्पर म्हणून बोलावलंय. आधी काय शिकू?

उत्तर : आधी चालायला शिका. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय नको, तो न सांगता फुटतो. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर, टेकलेल्या फळीवरूनच जा, तेही कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा पट्टा बांधून.

लोखंडी पत्र्याला स्क्रू नाळीच्या उंचवट्यावर मारतात. खोलगटातून पाणी वाहतं. रबरी वायसर जरा दबला की थांबा, पार चपटा केलात तर चिरतो. वरचा पत्रा खालच्यावर 150 मिमी तरी चढवा. बाजूचा जोड पावसाळी वाऱ्याकडे उघडा नको.

संध्याकाळी ड्रिलचा कीस झाडा. राहिला तर नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके उठतात, आणि बोलणी हेल्परलाच बसतात.