‘तुमचा देश’ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत एक बेने इस्रायली (म्हणजे कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या) काकू अनेक वर्षांपासून राहतात. त्या सेवानिवृत्त शिक्षिका असून घरात मराठीच बोलतात. पश्चिम आशियातील युद्धाची बातमी आली की संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर हिटलरची भलावण करणारे मजकूर फिरतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (ज्यू घराच्या दाराला लावतात ती धर्मवचनांची छोटी डबी) कोणीतरी उखडून जिन्यात फेकला. अध्यक्ष म्हणतात, ‘पोरांचा खोडसाळपणा असेल, आपल्या देशात ज्यूंना कधी त्रास झालेला नाही.’ काकू तक्रार करीत नाहीत, मात्र संध्याकाळी खाली येणे त्यांनी बंद केले आहे. आम्ही शेजाऱ्यांनी काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या अध्यक्षांचे वाक्य बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. परंपरेनुसार अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे बेने इस्रायली लोक पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावत आले. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय 1796 मध्ये उभे राहिले. या इतिहासाचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्या बाईच्या दारावरचा मेझुझा उखडला गेला, तिलाच तो ऐकवला की तिची तक्रार तोंडातच अडते. शिवाय 2008 मध्ये मुंबईतील नरिमन हाउसवर हल्ला झाला, तो तेथे ज्यू राहतात म्हणूनच झाला.

प्रथम काकूंकडे जा, पण शिष्टमंडळ घेऊन नव्हे. त्यांच्याशी ज्यांचे जाणे-येणे आहे अशा एक-दोघींनीच जावे, आणि त्यांना काय हवे आहे ते विचारावे. प्रार्थनालये आणि नातेवाईक बहुधा मुंबई, ठाणे, पुणे, कोकण या बाजूला असल्याने नागपुरात हाकेच्या अंतरावर आपणच आहात. पोलिसांत जायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. गटावर उत्तर देणे मात्र त्यांचे काम नाही, आपले आहे. साठ लाख ज्यूंच्या हत्येचे समर्थन या गटावर चालणार नाही, एवढे एकच वाक्य त्याच दिवशी कोणीतरी लिहावे आणि वाद घालत बसू नये. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्याचा जाब नागपुरातील शिक्षिकेला विचारता येत नाही. ‘तुमच्या देशाने काय धडा शिकवला!’ अशी शाबासकी देणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल, कारण कौतुकाच्या सुरात का होईना, तेही त्यांना परकेच ठरवतात.

पुरावे आधी जपा. मजकुरांची छायाचित्रे तारीख-वेळेसह ठेवा आणि नंतरच ते गटावरून काढा. जिन्यातील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, ते आजच उतरवून घ्या. भारतीय न्याय संहितेतील कलम 196 धार्मिक गटांत शत्रुत्व वाढवण्याविषयी, तर कलम 298 अपमानाच्या हेतूने पवित्र वस्तूची नासधूस करण्याविषयी आहे. गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला असल्याने राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही निवेदन करता येईल. खोडसाळपणा खरोखर मुलांचाच निघाला, तर पालकांसमक्ष बोलणे पुरे होईल की नाही, हेही काकूंनाच विचारा.

यासाठी संस्थेची सभा घ्याल ती शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवू नका. तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस असतो. आणि जिन्यात सापडलेला मेझुझा चांगुलपणाने फेविकॉल लावून परत चिकटवू नका. त्याच्या आत धर्मग्रंथातील वचने हाताने लिहिलेले चर्मपत्र असते. स्वच्छ कापडात गुंडाळून तो काकूंच्या हाती द्या. पुन्हा कधी आणि कसा लावायचा, ते त्या पाहतील.