वाचक विचारतात : डेंग्यूची साथ आणि वर्गाचा ग्रुप

प्रश्न : डेंग्यूची साथ आली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कलेक्टरांच्या सहीचा सुट्टीचा आदेश फिरतो. खरा-खोटा ओळखायचा कसा? (एक पालक, इंदूर)

उत्तर : सहीवर जाऊ नका, सही उचलून चिकटवणं सगळ्यात सोपं. वरचा क्रमांक आणि दिनांक बोटांनी मोठा करून पाहा. पुष्कळदा जुनाच, थंडीच्या सुट्टीचा कागद असतो. तारीख तेवढी बदललेली. मग आकड्यांचं वळण वेगळं दिसतं, त्यांच्यामागचा कागद जास्त पांढरा असतो, नाहीतर तारीख आणि वार जुळत नाहीत. खालची ‘प्रतिलिपि’ची, म्हणजे आदेशाच्या प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्याची, यादी कापलेली असेल तर संशय आणखी वाढवा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तोच आदेश शोधा किंवा सरळ शाळेत फोन करा.

मेसेजवर दोन बाण असतील तर तो निदान पाच हातांतून आलाय. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. पण मजकूर कॉपी-पेस्ट केला की बाण गायब! तेव्हा बाण नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : एका मुलाचा डेंग्यूचा रिपोर्ट कुणीतरी ग्रुपवर टाकला. इतरांना सावध करायला नको का?

उत्तर : करा की, पण नाव न घेता. डेंग्यू शेजारी बसल्याने होत नाही, डास चावल्याने होतो. नाव कळून कुणाचं भलं होणार? रिपोर्टवर वय असतं, बऱ्याचदा मोबाइल नंबरही. नाव खोडून क्यूआर कोड तसाच ठेवणं ही नेहमीची चूक. काही लॅबचा अख्खा रिपोर्ट त्यातून उघडतो. ग्रुप अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, टाकणाऱ्याला साधारण अडीच दिवसांच्या आत. घाईत ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं, तर त्याच्या फोनवरून जातो आणि बाकी सगळ्यांकडे राहतो.

एवढं लिहिलं तरी पुरे : ‘सहावीत एकाला डेंग्यू झालाय. आज कूलर रिकामा करून कडेने घासा, वाळवा.’ घासायचं अशासाठी, की अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

प्रश्न : शाळा बंद असताना सहावीला ऑनलाइन तास किती असावेत?

उत्तर : केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांचे. तापातल्या मुलाला तेवढेही नकोत. त्याच्यासाठी शिक्षकांकडून रेकॉर्डिंग मागून ठेवा.